शब्दकोड्यातून मिळणारी माहिती टिकते कशी

आपण विचारले आहे की, रोजचे शब्दकोडे नेमाने सोडवूनही त्यात भेटणारी माहिती, म्हणजे राजधान्या, तारे, धातू, पर्वत, इतिहासातील नावे, आठवडाभरात डोक्यातून निघून जाते आणि तेच सूत्र, म्हणजे शब्द ओळखण्यासाठी दिलेला संकेत, पुन्हा आले की पेन्सिल त्याच जागी अडते. तेव्हा ही माहिती टिकवावी कशी, अडल्यावर उत्तर पाहावे की पाहू नये, आणि मुळात सूत्रांतल्या माहितीवर विश्वास कितपत ठेवावा. कोडी सोडवणे आणि कोडी रचणे या दोन्ही बाजू बरीच वर्षे सांभाळल्यामुळे या तिन्ही प्रश्नांवर माझी मते पक्की झालेली आहेत. शब्दकोडे माहितीचे एक टोक आपल्या हाती देते. दुसरे टोक, कोडे सुटल्यानंतर, आपणच ओढून काढावे लागते, आणि बहुतेक जण नेमके तेवढेच करायचे राहून जातात.

विसरण्याचे कारण आधी पाहू. ‘लिमा ही या देशाची राजधानी (२)’ असे सूत्र येते (कंसातला आकडा उत्तराच्या घरांचा), आपण ‘पेरू’ लिहितो आणि पुढे जातो. या व्यवहारात मनात साठते ती ‘लिमा’ आणि ‘पेरू’ या दोन शब्दांची जोडी. तो देश कुठे आहे, तिथे काय आहे, यांतले काहीच त्या जोडीला चिकटलेले नसते, त्यामुळे पुढच्या आठवड्यात ‘माचू पिचू हे प्राचीन नगर या देशात आहे (२)’ असे सूत्र आले की पेरू आठवत नाही. कोडी सोडवण्यात मुरलेली काही मंडळी अशी असतात की ठरावीक सूत्र दिसताच त्यांचा हात आपोआप चालतो, पण त्याच उत्तराकडे दुसऱ्या वाटेने नेले तर ती गडबडतात. त्यांना कोडे येते; पेरूविषयी मात्र त्यांना लिमापलीकडे काही ठाऊक नसते.

तरीही प्रश्नमंजूषेपेक्षा शब्दकोडे शिकण्यासाठी अधिक चांगले आहे, आणि त्याचे श्रेय आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदाला जाते. प्रश्नमंजूषेत उत्तर ठाऊक नसेल तर विषय संपतो. कोड्यात ठाऊक नसलेले उत्तरही शेजारच्या शब्दांकडून अक्षर-अक्षर मागून घेता येते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत जे हिऱ्याच्या आकाराचे कोडे छापले, आणि ज्याला पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाते, त्यातसुद्धा ‘गोमुटी ताडाचा धागा’ असे एक सूत्र होते. त्याचे उत्तर तीन इंग्रजी अक्षरांचे, डी-ओ-एच, आणि सामान्य वाचकाला ते ठाऊक असण्याची शक्यता फारच कमी. तरी ते कोडे सुटत होते, कारण ती अक्षरे इतर शब्दांतून मिळत होती. म्हणजे माहीत नसलेली गोष्ट विचारण्याची ही खोड कोड्याइतकीच जुनी आहे.

अशा रीतीने तुकडे जुळवून स्वतः काढलेले उत्तर, नुसते वाचलेल्या उत्तरापेक्षा जास्त काळ टिकते. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही लोकांना शब्दांच्या जोड्या वाचायला दिल्या होत्या आणि काहींना पहिला शब्द व दुसऱ्याचे आद्याक्षर देऊन दुसरा शब्द स्वतः पुरा करायला लावला होता. ज्यांनी स्वतः पुरा केला त्यांना तो अधिक आठवला. कोडे सोडवणारा दुसरे काय करतो? एक सूत्र, एक-दोन अक्षरे, आणि बाकीचे आपल्या पदरचे.

याचा एक नमुना जवळून पाहू. समजा एका कोड्यात उभे सूत्र आहे: ‘आफ्रिकेतील सर्वात उंच पर्वत (५)’. आपल्याला उत्तर आठवत नाही. पहिल्या घरातून जाणाऱ्या आडव्या शब्दाचे सूत्र ‘सूर्यापासून निघतो (३)’ असे आहे, तो ‘किरण’, म्हणून पहिले अक्षर ‘कि’. तिसऱ्या घरातून ‘वाघाची मावशी (३)’ सुरू होते, म्हणजे ‘मांजर’, म्हणून तिसरे अक्षर ‘मां’. आता आपल्यासमोर ‘कि’, रिकामे घर, ‘मां’ आणि पुढे दोन रिकामी घरे आहेत, आणि शाळेत कधीतरी नकाशावर वाचलेले ‘किलिमांजारो’ हे नाव एकदम वर येते. देवनागरी कोड्यात प्रत्येक घरात व्यंजन आणि स्वर एकत्र बसतात, त्यामुळे एका सामाईक घरातून मिळणारा सुगावा रोमन लिपीतल्या एका अक्षरापेक्षा मोठा असतो. ‘मां’ मिळाले की म, मा, मि, मु अशा सगळ्या शक्यता एका फटक्यात बाद होतात.

आता याच किलिमांजारोच्या शेवटच्या घरातून एक आडवा शब्द सुरू होतो: ‘वृषभ तारकासमूहातील ठळक तांबूस तारा (३)’. घाईने वाचणारा ‘वृषभ’ आणि ‘तीन घरे’ एवढेच टिपतो आणि ‘कृत्तिका’ लिहून मोकळा होतो. कृत्तिकाही वृषभ तारकासमूहातच आहे आणि तिची अक्षरेही तीनच. पण सूत्रात ‘तारा’ असे एकवचन आहे, आणि कृत्तिका हा अनेक ताऱ्यांचा पुंज आहे. शिवाय किलिमांजारोचा ‘रो’ आडवा येतो. म्हणून उत्तर रोहिणी. ज्याने आत्मविश्वासाने कृत्तिका लिहून मग ते खोडले, त्याला कृत्तिका आणि रोहिणी यांतला फरक पुढे सहसा विसरता येत नाही. खात्रीने दिलेले आणि चूक निघालेले उत्तर, एकदा दुरुस्त केले की, अनिश्चितपणे दिलेल्या चुकीपेक्षा पक्के बसते, हे बटरफिल्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ सालच्या अभ्यासातही दिसले आहे. म्हणूनच खोडरबर वापरायला संकोच करू नये. उलट, अंदाज मनातल्या मनात न ठेवता तो हलक्या हाताने घरांत लिहावा, म्हणजे तो चुकला तर चुकल्याचे दिसते तरी.

कोडे इथे सुटले, पण शिकणे इथून सुरू होते. पूर्ण झालेल्या कोड्यातून दोन, फार तर तीन उत्तरे निवडावीत. सगळ्यांच्या मागे लागू नये, कारण मग तो अभ्यास होतो आणि आठवड्याभरात कंटाळा येतो. निवडताना ‘हे मला नवीन होते’ यापेक्षा ‘हे असे का?’ असा प्रश्न जिथे पडतो ते उत्तर घ्यावे. किलिमांजारोचेच पाहा. तो टांझानियात, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला आहे आणि त्याच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. विषुववृत्ताजवळ बर्फ कसा? कारण उंची ५,८९५ मीटर आहे आणि हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. त्या प्रदेशात समुद्रसपाटीला तीस अंश धरले तर माथ्यावर हिशेबाने उणे आठच्या आसपास येते. एवढे एकदा कागदावर मांडून पाहिले की किलिमांजारोची उंची पाठ करावी लागत नाही. ती त्या हिशेबाचा भाग म्हणून राहते. रोहिणीचेही तसेच. आकाशात ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या एका तारकागुच्छात बसलेली दिसते, पण ती त्या गुच्छाची नाहीच. गुच्छ सुमारे दीडशे प्रकाशवर्षे दूर आहे आणि रोहिणी सुमारे पासष्ट. आपल्या दृष्टीच्या रेषेत ती आडवी आली आहे, इतकेच.

यानंतरची पायरी मला सर्वात उपयोगाची वाटते आणि ती फारच थोडे लोक करतात: त्याच उत्तरासाठी स्वतः एक नवे सूत्र लिहावे, मूळ सूत्रात नसलेल्या माहितीवर आधारलेले. समजा उत्तर ‘पारा’ होते आणि सूत्र ‘सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू (२)’ असे होते. याच उत्तरासाठी ‘हिंगूळ या लाल खनिजातून मिळणारा धातू’ असे लिहिता येईल. ‘लोखंडाचा तुकडा ज्यावर तरंगतो’ असेही लिहिता येईल, कारण पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पटींहून किंचित जास्त आहे आणि लोखंडाची आठ पटींनाही पोचत नाही. ‘राग आला की चढतो’ हे सूत्र तर कुठलेही पुस्तक न उघडता सुचते. असे एक सूत्र लिहिण्यासाठी आपल्याला उत्तराभोवती फिरून पाहावे लागते, चार गोष्टी वाचून तीन टाकाव्या लागतात, आणि उरलेली एक अशा थोडक्या शब्दांत बसवावी लागते की दुसरे कोणतेही उत्तर तिथे चालू नये. शेवटची अट महत्त्वाची आहे. ‘एक चकचकीत धातू’ हे पाऱ्याचे सूत्र होऊ शकत नाही. वहीत सूत्र डाव्या पानावर आणि उत्तर उजव्या पानाच्या तळाशी लिहावे, आणि काही दिवसांनी फक्त डावे पान उघडावे. वही देखणी करण्याच्या भानगडीत पडू नये. रंगीत शाईने सजवलेल्या वह्या दुसऱ्या महिन्यात बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

उत्तर पाहण्याविषयी. माझे मत असे की पाहावे, पण उशिरा पाहावे, आणि शक्यतो उत्तराऐवजी विषय पाहावा. कोड्यात अडल्यावर बहुधा दोन वेगळ्या स्थिती असतात. एकात शब्द अगदी ओठांवर असतो. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९६६ साली या अवस्थेचा अभ्यास केला तेव्हा असे आढळले की शब्द आठवत नसतानाही लोकांना त्याचे आद्याक्षर किंवा त्याच्या उच्चारातील तुकड्यांची संख्या पुष्कळदा बरोबर सांगता येते. अशा वेळी उत्तर पाहणे म्हणजे तोंडाशी आलेला घास दुसऱ्याला देणे होय. कोडे बाजूला ठेवावे, दुसरे काम करावे, आणि परतल्यावर त्या सूत्राला हात न लावता त्याला छेदणारे शब्द आधी सोडवावेत. एक अक्षर मिळाले की पुष्कळदा काम होते. दुसऱ्या स्थितीत उत्तर आपल्याला कधी ठाऊकच नव्हते. तिथे ताटकळत बसण्यात अर्थ नाही. सूत्रात पर्वत असेल तर नकाशा उघडावा आणि त्या खंडातील पर्वत पाहावेत. तारा असेल तर त्या तारकासमूहाचे पान वाचावे. उत्तर सापडेलच, आणि त्याच्या आजूबाजूची चार नावेही नजरेखालून जातील, जी उद्या-परवाच्या कोड्यात भेटतील. याउलट संपूर्ण सूत्र जसेच्या तसे शोधयंत्रात टाकून तयार शब्द उचलला तर घरे भरतात, पण लिमा-पेरूसारख्या कोरड्या जोड्यांमध्ये आणखी एकीची भर पडते. आणि दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या उत्तराशी आपले कोडे ताडून पाहायचे असेल तर आदल्या दिवसाचा कागद जपून ठेवावा लागतो. उत्सुकता ताजी असेपर्यंतच ते ताडणे कामाचे असते.

तीच ती उत्तरे पुन:पुन्हा का येतात, हे रचनाकाराच्या बाजूने पाहिले तर लगेच कळते. रचनाकाराला आधी जाळी, म्हणजे घरांची चौकट, भरायची असते, सूत्रे मागाहून येतात. जाळी भरताना असे शब्द लागतात ज्यांचे प्रत्येक अक्षर दुसऱ्या एखाद्या शब्दात सहज सापडते. पेरू, पारा, सहारा, रोम, नाईल, ओमान, नभ, नग, कर, अनल, ही त्या दृष्टीने सोन्यासारखी आहेत. ‘एव्हरेस्ट’ मात्र अडचणीचे: ‘व्ह’ आणि ‘स्ट’ या घरांतून जाणारे शब्द शोधताना घाम फुटतो, म्हणून जगातले सर्वात उंच शिखर कोड्यात त्याच्या कीर्तीच्या मानाने क्वचित दिसते. ‘इराण’ चालते, पण ‘ण’ने सुरू होणारा शब्द मिळत नसल्यामुळे ते अशा जागी बसवावे लागते जिथे छेदणारा शब्द ‘ण’वर संपतो किंवा त्याच्या पोटात ‘ण’ असतो. सोडवणाऱ्याला याचा फायदा असा की, शे-दोनशे शब्दांचा हा गोतावळा ओळखीचा झाला की निम्मी जाळी भरते आणि खऱ्या नव्या उत्तरांसाठी अक्षरे हाताशी येतात. शिवाय तेच उत्तर वेगवेगळ्या सूत्रांनी काही दिवसांच्या अंतराने भेटत राहते, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. ‘सहारा’ कधी वाळवंट म्हणून येईल, कधी ‘आधार’ म्हणून. ‘अनल’ आणि ‘अनिल’ हे तर जुळे भाऊच: अग्नी आणि वारा, दोघेही तीन घरांचे, आणि निवाडा फक्त मधल्या घरात. तिथे छेदणारा शब्द सुटेपर्यंत ते घर कोरे ठेवावे. काही रचनाकार सामाईक घरात ऱ्हस्व-दीर्घाची सवलत घेतात, त्यामुळे ‘पेरू’चा ‘रू’ आणि ‘रुपया’चा ‘रु’ एकाच घरात बसवलेले दिसतील. रोजच्या रचनाकाराची ही सवय ओळखून ठेवावी, नाहीतर बरोबर उत्तर खोडले जाते.

याच बाजूने पाहिले असता रचनाकाराचा आळसही दिसतो. ‘एक देश (३)’, ‘एक नदी (२)’, ‘मुलीचे नाव (३)’ असली सूत्रे म्हणजे जाळीत शब्द बसला खरा, पण त्याविषयी सांगण्यासारखे काही शोधण्याचा कंटाळा आला, याची कबुली आहे. अशा सूत्रांनी भरलेले कोडे रोज सोडवत असाल तर ते बदला. माहिती मिळत नाही हा तेव्हा आपला दोष नसतो.

आता विश्वासार्हतेचा प्रश्न. सूत्र जागेच्या टंचाईत लिहिले जाते, आणि टंचाईत पहिला बळी विशेषणाचा जातो. ‘जगातील सर्वात मोठे वाळवंट (३)’ याचे उत्तर कोड्यात ‘सहारा’ असते, आणि घरांत तेच लिहावे. पण वाळवंटाची व्याख्या अत्यल्प पर्जन्यमानावरून केली जाते, आणि त्या कसोटीने अंटार्क्टिका हे सर्वात मोठे वाळवंट आहे: सुमारे एक कोटी चाळीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे सहाराच्या साधारण दीडपट. सहारा हे सर्वात मोठे उष्ण वाळवंट आहे. सूत्रात तो ‘उष्ण’ शब्द गाळला गेला. पाऱ्याच्या सूत्रात ‘एकमेव’ शब्द घातला तर तोही असाच जपून वाचावा लागतो, कारण सीझियम साडेअठ्ठावीस अंशांना आणि गॅलियम तीस अंशांच्या किंचित अलीकडे वितळते, त्यामुळे कडक उन्हाळ्याच्या दुपारी पारा एकटा राहत नाही. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात’ आणि ‘फक्त’ हे चार शब्द सूत्रात दिसले की त्या माहितीची शहानिशा केल्याशिवाय ती वहीत उतरवू नये, असा मी नियमच ठेवला आहे.

दुसरी गफलत काळामुळे होते. ‘सर्वाधिक ज्ञात उपग्रह असलेला ग्रह (२)’ हे सूत्र घ्या. गुरू आणि शनी, दोघेही दोन घरांचे. २०२३ च्या फेब्रुवारीत गुरूच्या उपग्रहांची संख्या ९२ झाली आणि तो पुढे गेला; त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत शनीने त्याला पुन्हा मागे टाकले; आणि मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ उपग्रहांना मान्यता मिळाल्यावर शनीची संख्या २७४ वर पोचली. म्हणजे जुन्या संग्रहातले कोडे सोडवत असाल तर उत्तर त्या संग्रहाच्या सालावर अवलंबून आहे. कझाकस्तानच्या राजधानीला २०१९ मध्ये नूर-सुलतान हे नाव दिले गेले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा अस्ताना झाले, त्यामुळे मधल्या काळातल्या कोड्यांत घरांची संख्याच वेगळी निघेल. प्लूटोला २००६ पासून ग्रहांत धरत नाहीत, तरी ‘नववा ग्रह’ हे सूत्र अजून कुठेकुठे जिवंत आहे. अशा बदलत्या माहितीपुढे वहीत साल लिहून ठेवणे बरे.

शेवटी, कोड्याच्या काठिण्याविषयी. माहिती मिळवणे हा हेतू असेल तर असे कोडे निवडावे जे कोणाच्याही मदतीशिवाय साधारण तीन चतुर्थांश भरते. सगळेच भरत असेल तर नवे काही भेटत नाही, आणि निम्म्याहून कमी भरत असेल तर छेदातून अक्षरे मिळत नाहीत, मग नवे शब्द काढण्याऐवजी केवळ शोधून उतरवावे लागतात. जाळीची ठेवणही पाहावी: ज्या जाळीत बहुतेक घरे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतात, तिथे अनोळखी नावही न्यायाने काढता येते, ज्या जाळीत प्रत्येक शब्दाला जेमतेम एकच सामाईक घर असते, तिथे अनोळखी नाव विचारणे हा सोडवणाऱ्यावर अन्याय असतो, आणि तिथे अडलात तर लगेच नकाशा किंवा कोश उघडायला हरकत नाही.